नारा

(लॅ. ॲकँथोसिसिऑस हॉरिडस, कुल–कुकर्बिटेसी). काकडी, भोपळा, कलिंगड इत्यादींच्या कुलातील ही काटेरी, पर्णहीन व बहुवर्षायू झुडूपवजा वनस्पती आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतच्या नामिब वाळवंटापुरती मर्यादित आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून नामिबियातून उत्तरेस अंगोलातील मोसामेडिस (काही काळ नामिबे) बंदराच्या परिसरापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात ती तुटकपणे आढळते. जगात अन्यत्र ती निसर्गतः उगवत नाही. या पट्ट्याच्या किनारी भागात वर्षाकाठी सरासरी २० मिमी.पेक्षाही कमी पाऊस पडतो व कित्येक वर्षे तो मुळीच पडत नाही; तथापि नाराचे फळ कलिंगडाप्रमाणे रसाळ असते व त्याचे पीक बहुधा भर उन्हाळ्यात येते. याचे कारण तिच्या मुळात आहे. वाळूच्या थरांतून खोल जाऊन ते भूजलापर्यंत पोहोचते. त्यामुळे नाराची लागवड असो वा नैसर्गिक ताटव्यांची निगा असो, तीत मुळाची वाढ व त्याला मिळणारे खोलवरचे पाणी यांना पहिले स्थान द्यावे लागते.

नाव व वर्गीकरण : ‘नारा’ हे नाव नामा (खोइखोइ) भाषेतील आहे. त्या भाषेत नावाच्या आरंभी जिभेचे टोक टाळूला लावून झटक्याने सोडल्यावर होणारा ‘टक्’ असा ध्वनी येतो. रोमन लिपीत तो उद्गारचिन्हाने दाखवितात. देवनागरीत त्यास चिन्ह नसल्याने ‘नारा’ एवढेच लिहिणे सोयीचे ठरते. वंशाचे लॅटिन नाव काटा व काकडी या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनविले असून ‘हॉरिडस’ या गुणनामात काट्यांचाच उल्लेख आहे. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्हेल्विच यांनी अंगोलाच्या वाळवंटी किनाऱ्यावर जमविलेल्या नमुन्यांवरून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या वंशाचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याच वाळवंटातील वेल्विचिया ही प्रसिद्ध वनस्पती यांच्याच नावाने ओळखली जाते. या वंशात पूर्वी दोन जाती मानीत. त्यांपैकी जमिनीवर पसरणारी व पाने असणारी दुसरी जाती रेणवीय पुराव्यावरून २०१५ मध्ये कलिंगडाच्या वंशात (सिट्रुलस) घालण्यात आली. त्यामुळे नारा ही आता आपल्या वंशातील एकमेव जाती ठरते. कलिंगड व राजस्थान-गुजरातच्या रेताड जमिनीत पसरणारे कडू इंद्रायण हे तिचे निकटचे नातलग होत [→ इंद्रायण, कलिंगड, कुकर्बिटेसी].

शारीरिक लक्षणे : कुकर्बिटेसी कुलातील बहुतेक वनस्पती मोठ्या पानांच्या, प्रतानांच्या (ताण्यांच्या) साहाय्याने चढणाऱ्या किंवा भुईवर पसरणाऱ्या वेली आहेत. नाराला प्रतान नाहीत आणि पानेही केवळ सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असून ती लवकर गळतात. खोड हिरवे, कठीण, अनेक शाखांचे व उभ्या खाचांचे असते. प्रत्येक पेऱ्यावर सु. २–३ सेंमी. लांबीच्या तीक्ष्ण काट्यांची जोडी येते. फांद्या एकमेकींत गुंतून दाट जाळी तयार होते. तिची उंची वाळूच्या पृष्ठभागापासून १–१·५ मी. असते, परंतु जुन्या जाळीचा विस्तार शेकडो चौ.मी. भरतो. पानांचे प्रकाशसंश्लेषणाचे (सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे) कार्य हिरवे खोड व काटे करतात. त्वग्रंध्रे (बाष्प व वायू यांच्या ये-जा करण्याची सूक्ष्म छिद्रे) खोडावरील खाचांत असून तेथे केसांचे आच्छादन असते. त्यामुळे उष्ण वाऱ्याने होणारे बाष्पोच्छ्वसन नियंत्रित राहते.

वाऱ्याने वाहणारी वाळू या जाळीत अडकते व हळूहळू तिचा उंचवटा बनतो. गाडल्या गेलेल्या फांद्या वर नवे फुटवे काढतात, ते पुन्हा वाळू अडवितात व उंचवटा आणखी वाढतो. अशा रीतीने झुडूप आपली टेकडी स्वतःच रचीत असते. काही टेकड्या माणसाच्या उंचीच्या कित्येक पट उंच होतात. दिसणारे हिरवे भाग हे त्या वनस्पतीचे केवळ शेंडे असतात. सोटमूळ जुन्या झुडपात मांडीएवढे जाड होते व त्याची लांबी ४० मी.पर्यंत नोंदविलेली आहे.

नारा विभक्तलिंगी आहे, म्हणजे पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे वेगवेगळ्या झाडांवर येतात. महाराष्ट्रात कर्टोलीच्या बाबतीत हीच स्थिती परिचित आहे : नर वेल जवळपास नसेल तर मादी वेलीस फळे धरत नाहीत. फुले पिवळसर हिरवी, जाड पाकळ्यांची व सु. ३ सेंमी. व्यासाची असतात. नर झाडांवर ती वर्षाचा बराच काळ येतात. मादी फुले तुलनेने कमी असून त्यांच्या तळाशी असलेल्या गाठाळ किंजपुटामुळे ती सहज ओळखू येतात. परागण कीटकांमार्फत, त्यांतही एकएकट्या राहणाऱ्या मधमाश्यांमार्फत होते. फळ गोलसर, १५ सेंमी. किंवा अधिक व्यासाचे व साधारण १ किग्रॅ. वजनाचे असते. त्याच्या हिरव्या सालीवर टोकदार गाठी असतात. पिकल्यावर साल किंचित पिवळट होते, आतील मगज नारिंगी-पिवळा व रसाळ होतो आणि त्यात मलईच्या रंगाच्या पुष्कळ बिया असतात.

परिस्थितिविज्ञान : किनाऱ्यालगतच्या थंड बेंग्वेला सागरी प्रवाहामुळे नामिबमध्ये पावसाचे ढग बनत नाहीत, मात्र समुद्राकडून धुके वारंवार आत येते. वाळवंटातील अनेक कीटक व काही वनस्पती त्या धुक्यावर जगतात. नाराच्या खोडांवर व काट्यांवरही धुक्याचे थेंब जमतात आणि त्यांचा काही लाभ तिला होत असावा. परंतु एवढ्या मोठ्या हिरव्या राशीची व रसाळ फळांची गरज त्याने भागणे शक्य नाही. म्हणूनच नारा वाळवंटात सर्वत्र नसते. क्वचित वाहणाऱ्या नद्यांच्या कडेला, त्यांच्या वाळूत लुप्त झालेल्या जुन्या पात्रांवर व टेकड्यांमधील अशा सखल भागांत, जेथे भूजल मुळांच्या आवाक्यात असते, तेथेच तिचे ताटवे असतात. नामिबियातील कुइसेब नदीचा खालचा भाग व तिचा त्रिभुज प्रदेश हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध स्थान होय. सोसुसव्लेईच्या उंच वालुकागिरींच्या पायथ्याशीही नाराची झुडुपे आढळतात. नाराची जाळी दिसली की खाली पाणी आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

उघड्या वाळूत ही झुडुपे अनेक प्राण्यांना आश्रय देतात. काट्यांच्या आत सरडे, भुंगेरे व लहान कृंतक (कुरतडणारे प्राणी) उन्हापासून व शत्रूंपासून सुरक्षित राहतात. चिलखतासारखे कठीण कवच असलेला एक मोठा नाकतोडावजा कीटक नाराच्या झुडपांवरच वावरतो. ओरिक्स हरिण, काळ्या पाठीचा कोल्हा, साळिंदर, तरस व वाळूतील उंदीर हे प्राणी फळे किंवा बिया खातात. उंदीर बहुतेक बिया फोडून खातात, तर कोल्हा मगजाबरोबर बिया अखंड गिळतो व त्या त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात. असे असूनही निसर्गात नवी रोपे क्वचितच दिसतात. बी रुजण्यास वाळूची वरची पातळी ओली लागते आणि ती ओल सुकण्यापूर्वी मुळाला खालची कायम ओल गाठावी लागते. नदीला पूर आला किंवा अपवादात्मक पाऊस झाला तरच या दोन्ही गोष्टी जुळून येतात. एका पुराच्या वर्षी रुजलेली रोपे पुढे अनेक दशके फळे देत राहतात.

मानव व नारा : कुइसेबच्या उत्तरेकडील खडकाळ मैदानातील मिराबिब येथील शैलाश्रयाच्या उत्खननात नाराच्या बियांचे अवशेष सापडले असून ते सु. ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत. एवढ्या प्रदीर्घ काळापासून या किनाऱ्यावरील माणसांचे ते अन्न आहे. कुइसेबकाठी राहणारे नामाभाषी टोपनार (आओनिन) लोक आजही फळे गोळा करतात. त्यांच्यात समुद्राच्या आश्रयाने जगणारे व नाराच्या आश्रयाने जगणारे असे दोन गट परंपरेने मानले जात व दुसऱ्या गटाचे नावच नारावरून पडलेले आहे. नाराचे ताटवे पूर्वी कुटुंबागणिक वाटलेले असून त्यांवरील हक्क वारशाने चालत असे. १८३७ मध्ये वॉल्व्हिस बे येथे आलेले स्कॉटिश प्रवासी जेम्स अलेक्झांडर व १८५० नंतर तेथे आलेले स्वीडिश प्रवासी चार्ल्स जॉन अँडरसन यांनी या फळाचे महत्त्व वर्णिले आहे. पुढे बिया वॉल्व्हिस बे बंदरातून केपटाउनला जाऊ लागल्या व तेथे बदामाप्रमाणे खाण्यासाठी आणि मिठाईसाठी वापरल्या जाऊ लागल्या.

दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो. त्या सुमारास फळे पिकू लागतात व मुख्य तोडणी मार्च-एप्रिलपर्यंत चालते. लांब काठीने फळ टोचून वा हलवून पक्वता पाहतात. काट्यांमुळे हाताने फळ काढणे अवघड असते. कच्चे फळ कुकर्बिटेसिन या कडू द्रव्यांमुळे तोंड व घसा भाजल्यासारखे करते. म्हणून थोडी कच्ची राहिलेली फळे झाकून पिकू देतात. पिकलेली फळे गाढवाच्या गाडीतून मुक्कामी आणतात, कापून मगज व बिया मोठ्या भांड्यात काढतात आणि सतत ढवळीत शिजवितात. मगज पातळ झाल्यावर बिया गाळून वेगळ्या केल्या जातात व वाळूवर वाळविल्या जातात. उरलेला घट्ट रस स्वच्छ वाळूवर किंवा कापडावर ओतून उन्हात वाळविल्यास चामड्यासारखी लवचिक पोळी तयार होते. कोकणातील आंबापोळी वा फणसपोळी यांच्याशी तिचे साम्य आहे. ती गुंडाळून ठेवल्यास पुढील हंगामापर्यंत टिकते. मगजात दूध नासविणारे एंझाइम (विकर) असते.

बियांच्या गरात सु. ५७ टक्के तेल व सु. ३१ टक्के प्रथिने असतात. तेलात लिनोलीक अम्लाचे प्रमाण मोठे असून ते खाण्यासाठी, तसेच त्वचेचे ऊन व वारा यांपासून रक्षण करण्यासाठी वापरतात. अलीकडे सौंदर्यप्रसाधनांतही त्याला मागणी आहे. सुक्या मोसमात गाढवे व इतर गुरे कोवळे शेंडे खातात. मुळांचा काढा पोटदुखीवर देतात.

लागवड : नारा ही शेतातील पीक म्हणून स्थिरावलेली वनस्पती नाही. बियांच्या तेलाला येणारी मागणी आणि नैसर्गिक ताटव्यांचा ऱ्हास या दोन कारणांनी तिच्या लागवडीचा विचार होऊ लागला. वनस्पती-उद्यानांतही वाळवंटी वनस्पतींच्या संग्रहासाठी ती वाढवितात. बी रुजविणे त्या मानाने सोपे असते. रोप जगविणे अवघड असते.

(१) बियाणे : झाडावर पूर्ण पिकलेल्या फळातील बी घ्यावे. खाण्यासाठी शिजविलेल्या मगजातून काढलेले बी उष्णतेने मृत झालेले असते, ते पेरणीस निरुपयोगी होय. मगज धुऊन काढून बी सावलीत वाळवावे व कोरड्या जागी ठेवावे. नामिबियात या वनस्पतीचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत येतो. शिवाय जैव संपत्ती व तीसंबंधीचे पारंपरिक ज्ञान यांच्या वापरावर २०१७ च्या कायद्याने तेथे नियंत्रण आहे. त्यामुळे बी परवानगीनेच मिळवावे लागते. रानातील झुडूप उपटून नेण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, कारण खोल मूळ तुटल्यावर ते जगत नाही.

(२) पेरणी : माध्यम म्हणून धुतलेली जाड वाळू व थोडी बारीक खडी घ्यावी, शेणखत किंवा पानांचे खत मिसळू नये. बी एक दिवस कोमट पाण्यात भिजवून सु. २ सेंमी. खोल पेरावे. २५°–३०° से. तापमानात व वाळू केवळ दमट ठेवल्यास ते चांगले रुजते. थंड व ओल्या वाळूत ते कुजते. उंदरांपासून रक्षणासाठी वर जाळी घालणे आवश्यक असते.

(३) मुळास जागा : रोपाचा वर दिसणारा भाग काही सेंमी. असतानाच मूळ त्याच्या अनेक पट खोल गेलेले असते. उथळ कुंडीत ते तळाशी गुंडाळले जाते व अशा रोपाची वाढ पुढे कायमची खुंटते. म्हणून बी थेट कायमच्या जागी पेरणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसल्यास ६० सेंमी. ते १ मी. लांबीच्या व तळ उघडा असलेल्या रुंद नळ्यांत पेरावे आणि मूळ तळाला पोहोचण्यापूर्वी नळीसह रोप जमिनीत पुरावे. स्थलांतर करताना मुळाभोवतीची वाळू ढासळू देऊ नये. कुंडीत किंवा नळीत झाड काही वर्षे टिकविता येते, परंतु त्याला नियमित फळे धरण्याची अपेक्षा ठेवू नये.

(४) पाणी : वाळवंटी वनस्पतीला पाणी कमी लागते, या समजुतीने दररोज थोडे पाणी शिंपडणे ही नाराच्या बाबतीत नेहमी होणारी चूक होय. त्यामुळे वरचा थर ओला राहतो, मुळे वरच राहतात व बुडखा सडतो. पाणी खालपर्यंत मुरेल इतके एकाच वेळी द्यावे आणि वरची वाळू पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पुन्हा देऊ नये. खोल पुरलेल्या सच्छिद्र नळीतून पाणी दिल्यास ते मुळाच्या टोकाजवळ पोहोचते व वरचा भाग कोरडा राहतो. ही रीत नैसर्गिक परिस्थितीशी जुळणारी आहे. रोप वाढेल तसे पाणी अधिक खोल द्यावे व दोन पाण्यांमधील अंतर वाढवावे. जेथे भूजल मुळांच्या आवाक्यात आहे तेथे पहिल्या काही वर्षांनंतर वरून पाणी देण्याची गरज उरत नाही.

(५) ऊन, हवा व वाळू : दिवसभर पूर्ण ऊन व खेळती हवा लागते. सावलीत फांद्या लांब, फिकट व दुबळ्या होतात. खोडाभोवती दरवर्षी थोडी वाळू चढविल्यास नवे फुटवे जोमाने येतात. कडक हिमतुषार रोपांना सोसत नाही. दमट हवेत व संतत पावसात बुरशीमुळे मूळ व खोड सडते. त्यामुळे कोकणातील पावसाळा किंवा दख्खनच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनी यांत उघड्यावर तिची लागवड करणे उचित नाही. पावसापासून आडोसा असलेल्या काचगृहात, उंच वाळूच्या वाफ्यावर ती संग्रहासाठी ठेवता येईल.

(६) नर व मादी झाडे : फुले येईपर्यंत रोपाचे लिंग ओळखता येत नाही आणि फुले येण्यास काही वर्षे जावी लागतात. म्हणून एकाच ठिकाणी अनेक रोपे लावणे आवश्यक ठरते. नर व मादी झाडे समप्रमाणात निपजतात असे धरल्यास चार रोपे लावली असता ती सर्व एकाच लिंगाची निघण्याचा संभव आठात एक इतका असतो. सहा रोपांत तो बत्तिसात एक इतका कमी होतो. फळांसाठी नर झाडे थोडी पुरतात, परंतु ती मादी झाडांच्या जवळ असावी लागतात. परागण करणारे कीटक नसतील तेथे नर फूल तोडून त्याचे पराग सकाळी मादी फुलाच्या किंजल्कावर हलकेच लावावेत. कर्टोली व परवर यांच्या लागवडीत ही रीत प्रचलित आहे.

(७) निगा : खताची गरज अल्प असते. अधिक नायट्रोजनयुक्त खताने फांद्या मऊ होतात व रोगांस बळी पडतात. हिरव्या फांद्या छाटू नयेत, कारण पानांचे काम त्याच करतात. केवळ वाळलेल्या फांद्या काढाव्यात. मोकाट जनावरांपासून पहिली काही वर्षे कुंपण घालून रक्षण करावे.

नैसर्गिक ताटव्यांची स्थिती : कुइसेबच्या त्रिभुज प्रदेशातील नाराच्या ताटव्यांचा इतिहास हा त्या नदीच्या पाण्याच्या वापराशी निगडित आहे. कुइसेबला वर्षातून काही दिवसच पाणी येते व पूर समुद्रापर्यंत क्वचित पोहोचतो. २०११ मधील पूर असा पोहोचला होता. वाटेत वाळूत मुरणारे पाणी हेच तेथील भूजल होय. वॉल्व्हिस बे बंदर व नगर यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून याच भूजलाचा पुरवठा होत आला आहे. नगराचे पुरापासून रक्षण व्हावे म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी त्रिभुज प्रदेशात बांध घालून नदीची उत्तरेकडील शाखा बंद करण्यात आली. त्या शाखेकडे पुराचे पाणी जाणे थांबले, भूजलाची पातळी खाली गेली व तेथील नाराची झुडुपे क्रमाने वाळू लागली. मोठे झुडूप एकाएकी मरत नाही. प्रथम फळे कमी व लहान होतात, मग नवे फुटवे थांबतात, फांद्या राखाडी पडतात आणि शेवटी जाळी सांभाळणारे कोणी न उरल्याने वाळूची टेकडीही वाऱ्याने झिजते. पुराअभावी नवी रोपेही उगवत नाहीत. प्रोसोपिस वंशातील (वेड्या बाभळीच्या वंशातील) परकी झाडे नदीकाठी पसरली असून तीही याच भूजलावर वाढतात.

टोपनार लोकांच्या दृष्टीने हा केवळ एका फळाचा प्रश्न नाही. त्यांची वस्ती ज्या प्रदेशात आहे तो १९७९ मध्ये स्थापन झालेल्या नामिब–नाउक्लुफ्ट उद्यानाच्या हद्दीत येतो, तेथे शेती करण्यासारखी जमीन नाही आणि नाराच्या बिया हे रोख पैसा देणारे त्यांचे एक जुने साधन आहे. तरुण मंडळी कामासाठी नगरात जात असल्याने तोडणीचे कष्ट वृद्धांवर पडतात. कौटुंबिक हक्कांची रीत सैल झाल्याने कच्ची फळेही तोडली जातात. अशा फळांतील बिया भरलेल्या नसतात, त्यामुळे त्यांना दर कमी मिळतो आणि रुजण्यायोग्य बीही नष्ट होते. पूर्वीच्या व्यवस्थेत प्रत्येक कुटुंबाला आपले ताटवे पुढील वर्षीही फळावेत अशी काळजी असे.

कुइसेबकाठच्या गोबाबेब येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स कोख यांच्या पुढाकाराने वाळवंट संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे नाराची वाढ, फळधारणा, तिच्यावर अवलंबून असणारे प्राणी व पाण्याशी असलेला तिचा संबंध यांचा दीर्घकाळ अभ्यास होत आला आहे. २०१३ मध्ये नामिबच्या वालुकासागराचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. २०१० मध्ये किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याचे निर्लवणीकरण करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. अशा पर्यायी पुरवठ्यामुळे कुइसेबच्या भूजलावरील भार हलका करणे शक्य आहे.

नाराच्या संरक्षणासाठी उद्यानाची हद्द किंवा तोडणीवरील बंदी पुरेशी ठरत नाही. हद्दीच्या आत राहूनही पाणी तुटल्याने झुडुपे वाळतात. उपशाची मर्यादा भूजलाच्या पातळीवरून ठरविणे, पुराचे पाणी शक्य तेथे जुन्या शाखांत जाऊ देणे, परकी झाडे काढणे, पूर येऊन गेल्यावर उगवलेल्या रोपांना दोन-तीन वर्षे जनावरांपासून जपणे आणि पक्व फळेच तोडण्याची जुनी रीत ताटव्यांवर ज्यांचा हक्क आहे त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा रूढ करणे, हे त्यावरील उपाय आहेत. वाफ्यातील लागवडीने बियांची काही गरज भागेल व जातीचे बीज सुरक्षित राहील. परंतु वाळूच्या टेकडीसह वाढणारे, प्राण्यांना आश्रय देणारे व पिढ्यानपिढ्या फळणारे झुडूप कुइसेबसारख्या नदीच्या भूजलावरच टिकू शकते.